आफ्रिकेसारखी पायी सफारी मेळघाटात करता येते का? धारणीची वाट धरण्याआधी हे माहीत असू द्या

परतवाडा सोडलं की रस्ता घाट चढू लागतो. सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत तो धारणीला पोचतो. अमरावतीपासून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. गाडीच्या काचेतून दिसतं ते सागाचं जंगल, मध्येच सिपना नदीचं खडकाळ पात्र, आणि कडेकडेनं डोक्यावर मोळी घेऊन चालणारी माणसं. जंगलात पायी फिरणं हे त्यांचं रोजचं काम आहे. त्याला सफारी म्हणतात हे त्यांच्या गावीही नाही.

तिकडे आफ्रिकेत, झांबिया नावाच्या देशात, नेमकं हेच करण्यासाठी जगभरातून लोक येतात. जीप नाही, छप्पर नाही, हत्ती आणि सिंह असलेल्या जंगलात पायी चालायचं. संध्याकाळी नदीकाठच्या तंबूत गरम पाण्यानं अंघोळ आणि कंदिलाच्या उजेडात जेवण. त्यासाठी एका रात्रीचे माणशी शेकडो डॉलर मोजले जातात, चांगल्या कॅम्पमध्ये हजाराच्याही वर. हे रील पाहिलं की विदर्भातल्या माणसाला प्रश्न पडणं साहजिक आहे: आपल्याकडे वाघ आहे, नद्या आहेत, पावणेतीन हजार चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प आहे. मग मेळघाटात असं का फिरता येत नाही?

थोडं फिरता येतं. पण 'तंबू चांगले नाहीत म्हणून' हे त्याचं कारण नाही.

पायी सफारी नेमकी आली कुठून?

'सफारी' हा स्वाहिली भाषेतला शब्द, अर्थ प्रवास. तो अरबी 'सफर'वरून आला. मराठीतली 'सफर' फारसीमार्गे त्याच मुळातून आली, म्हणजे शब्द आपल्याला परका नाही.

पर्यटकांना पायी जंगल दाखवण्याची आजची पद्धत झांबियातल्या लुआंग्वा खोऱ्यात रुजली. नॉर्मन कार हे तिथले वन्यजीव अधिकारी. १९५० मध्ये, झांबिया अजून ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, त्यांनी एन्सेफू या स्थानिक प्रमुखाला एक कल्पना सांगितली. शिकारीऐवजी प्राणी बघायला येणाऱ्या लोकांसाठी कॅम्प काढायचा आणि मिळणारा पैसा तिथल्या लोकांच्या तिजोरीत जमा करायचा. एन्सेफूंनी होकार दिला. पुढे साठच्या दशकात कार पाहुण्यांना पायी घेऊन जाऊ लागले. आज ज्याला 'लक्झरी वॉकिंग सफारी' म्हणतात, तिचं मूळ असं आहे. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९७८ मध्ये अशी पहिली पायवाट सुरू झाली. तिथे एका गटात जास्तीत जास्त आठ माणसं, आणि सोबत दोन बंदूकधारी गाइड.

दिवसाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. उजाडताच निघायचं, तीन-चार तास चालायचं, ऊन चढण्याआधी परतायचं. सगळे एका रांगेत. पुढे बंदूकधारी रक्षक, त्याच्यामागे गाइड, मग पाहुणे. झांबियात शेवटी चहाचं सामान घेऊन चालणारा एक माणूसही असतो. बोलायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. चालण्याचा वेग कमीच असतो, कारण सिंह दिसावा म्हणून कोणी निघत नाही. हत्तीच्या लेंड्यांत कोणत्या बिया आहेत, वाळवीच्या वारुळावर कोण बसून गेलंय, माग ताजा आहे की कालचा, हे सगळं थांबून बघायचं असतं.

मग लक्झरी कशात आहे? तंबूत आहे, आचाऱ्यात आहे. पण सगळ्यांत महाग गोष्ट म्हणजे पुढे चालणारा माणूस. झिम्बाब्वेमध्ये पायी नेणाऱ्या गाइडचा परवाना हवा असेल तर लेखी परीक्षा, काही वर्षांची उमेदवारी, नेमबाजीची चाचणी आणि शेवटी परीक्षकांसमोर जंगलात प्रात्यक्षिक, एवढं सगळं पार करावं लागतं. अंगावर येणारा हत्ती नुसता दम देतोय की खरंच येतोय, हे दोन सेकंदांत ओळखता येणं हे त्याचं शिक्षण. पाहुणा पैसे मोजतो ते त्या दोन सेकंदांचे.

मेळघाटात अडतं कुठे?

पहिलं, कायदा. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याचे दोन भाग आहेत: सुमारे १५०० चौरस किलोमीटरचा कोअर, म्हणजे गाभा, आणि त्याभोवतीचा १२६८ चौरस किलोमीटरचा बफर. कोअरमध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यांचा भाग येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ आणि २८ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. परवानगी मिळते, पण तिच्यासोबत अटी येतात. पर्यटकांसाठी त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ठरलेलं गेट, ठरलेला रस्ता, नोंद झालेली गाडी आणि गाइड, आणि गाडीतून खाली उतरायचं नाही.

त्याच कायद्याचं कलम ३१ परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायला मनाई करतं. आफ्रिकेतल्या पायी सफारीचा सगळा डोलारा ज्या रायफलीवर उभा आहे, ती इथल्या गाइडच्या हातात नसते. त्याच्या हातात काठी असते.

२०१२ मध्ये तर कोअरमधलं पर्यटनच थांबलं होतं. त्या वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटनाला अंतरिम बंदी घातली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर ऑक्टोबरमध्ये ती उठली. त्या तत्त्वांनुसार कोअरचा २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला देता येत नाही. मेळघाटात जंगल अफाट दिसतं, पण पर्यटकाला त्यातला लहानसा तुकडाच खुला असतो, तो यामुळे.

दुसरं कारण जंगलाची जात. लुआंग्वात कोरड्या ऋतूत झाडं विरळ, गवत लोळलेलं, नजर शंभर-दोनशे मीटर सहज पोचते. मेळघाट आहे सातपुड्याच्या गाविलगड रांगेत. काळ्या बेसाल्टचे चढउतार, खोल नाले, साग, बांबू आणि जागोजागी माजलेला घाणेरीचा झुडोरा. ऑक्टोबरात इथे दहा पावलांवरचं जनावर दिसत नाही. गाइडला मिळणारा वेळ म्हणजे अंतर. इथे ते अंतरच नाही.

आणि तिसरं कारण आहे अस्वल. पर्यटकाला वाघाची भीती असते. मेळघाटात पायी फिरणारा कोणीही आधी अस्वलाचं नाव घेतो. अस्वलाची नजर आणि कान दोन्ही कमजोर, नाक मात्र तिखट. वारा उलटा असेल तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि दचकलं की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडू लागली की पहाटे फुलं वेचायला माणसंही जातात आणि खायला अस्वलंही. दोघं एकाच झाडाखाली, अंधारात. म्हणून आफ्रिकेतल्या सफारीचा शांत राहण्याचा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. वळण आलं, नाला उतरायचा आला, की आधी काठी आपटायची, खाकरायचं, थोडं बोलायचं. अस्वलाला बाजूला व्हायला वेळ द्यायचा.

वाघाचा धोका कमी आहे असा याचा अर्थ नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेसाठी माग शोधत पायी चाललेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती प्रशिक्षित होती, सोबत सहकारी होते, जंगल रोजचं होतं. पायी सफारीला सर्रास परवानगी का नाही, असं विचारणाऱ्यानं ही घटना लक्षात ठेवायला हवी. वनरक्षक आणि वनमजूर वर्षभर हेच करतात, कॅम्पफायर आणि तीन कोर्सच्या जेवणाशिवाय.

मग पायी फिरायचं कुठे?

बफरमध्ये. तिथल्या राखीव जंगलांत वनविभागाच्या परवानगीनं आणि स्थानिक गाइड सोबत घेऊन निसर्गवाटांवर चालता येतं. कोणती वाट कधी उघडी आहे हे ऋतू, वणवे आणि वाघाच्या हालचाली यांवर ठरतं. त्यामुळे महिनाभर आधी ठरवून ठेवलेली वाट आदल्या दिवशी बंद झाली, तर गाइडशी वाद घालू नका. निर्णय त्याच्या हातात नसतो.

ज्यांना फक्त चालायचंय, वाघाचा हट्ट नाही, त्यांच्यासाठी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतलेला हा किल्ला नीट बघायला अर्धा दिवस पुरत नाही. अकोट बाजूनं शहानूरहून नरनाळा किल्ला आहे. तो अभयारण्यात असल्यानं गेटवर नोंद करून जावं लागतं.

पक्षी बघणाऱ्यांनी मेळघाटाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला हवं. रानपिंगळा हे छोटं घुबड शंभरहून जास्त वर्षं कोणाला दिसलं नव्हतं, नामशेष झालं असंच मानलं जात होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही आढळलं. हे घुबड दिवसा वावरतं, विरळ सागवनात राहतं. म्हणजे सकाळच्या उन्हात, पायी, शांतपणे शोधण्यासारखा प्राणी. ताडोबात तासाला तीन वाघ बघून आलेल्याला मेळघाट रिकामा वाटतो, कारण इथे वाघांची घनता कमी आणि डोंगर जास्त. पायी फिरणाऱ्याची निराशा कमी होते.

खऱ्या अर्थानं व्याघ्र प्रकल्पात पायी सफारी करायची असेल तर सातपुड्याच्याच पलीकडच्या अंगाला जा. मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मढई भागात पायी फिरणं आणि नावेतून फिरणं दोन्ही मिळतं, भोवताली महागडे लॉजही आहेत. तिथल्या एका लॉजला कॅप्टन जेम्स फोर्सिथचं नाव दिलंय. १८७१ मध्ये मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावर पुस्तक लिहिणारा हा इंग्रज अधिकारी. केरळातल्या पेरियारमध्ये तर आणखी एक पाऊल पुढे. तिथे एके काळी जंगलात चोरून शिकार करणारी, झाडांच्या साली काढणारी माणसं आज गाइड आहेत. सोबत वनविभागाचा बंदूकधारी रक्षक असतो. रायफल अडत नाही, ती कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न असतो, हे तिथे दिसतं.

दोन मार्ग आणखी आहेत, आणि दोन्ही स्वस्त. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत अनेक प्रकल्प स्वयंसेवक घेतात. माग शोधायला किमान पाच किलोमीटर आणि तृणभक्षी मोजायला दोन किलोमीटरच्या ठरलेल्या रेषेवर, असं कित्येक दिवस वनरक्षकासोबत चालावं लागतं. दुसरा म्हणजे बुद्धपौर्णिमेचा निसर्गानुभव. त्यात चालणं नाही, पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढायची असते. पण गाडीच्या आवाजाशिवाय जंगल ऐकण्याची ती संधी आहे. दोन्हींसाठी अर्ज आधी करावा लागतो आणि जागा लवकर भरतात.

पुढे चालणारा माणूस कोण?

मेळघाटाकडे आफ्रिकेच्या तोडीचं काही असेल तर तो हा माणूस.

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू ही सर्वांत मोठी आदिवासी जमात. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडमधल्या संथाळी-मुंडारीची लांबची बहीण. वाघाला कोरकूत 'कुला' म्हणतात. मुंडारीतही शब्द तोच. वनाधिकारी म्हणून मेळघाटात काम केलेले मारुती चितमपल्ली जंगलातले शब्द अशाच माणसांकडून गोळा करत राहिले. माग वाचणं, वानराचा खकारा आणि सांबराचा इशारा यांतला फरक ओळखणं, वाऱ्यावरून अस्वलाचा अंदाज घेणं, हे शिक्षण इथे घरात मिळतं. झिम्बाब्वेत त्यासाठी परीक्षा आहे. इथे ते येणारा माणूस अजूनही बऱ्याचदा रोजंदारीवरचा वनमजूर असतो.

यातला पेच असा की ज्यांना हे चालणं येतं, त्यांचंच चालणं कमी होत गेलं. कोअरमधल्या गावांचं पुनर्वसन २००० च्या सुमारास सुरू झालं. बोरी, कोहा, कुंड ही सुरुवातीची गावं अकोट बाजूला, सपाटीवर वसवली गेली. स्वेच्छेनं गाव सोडणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून १० लाख रुपये मिळत होते, २०२१ मध्ये ती रक्कम १५ लाख झाली. वाघांसाठी मोकळी जागा मिळाली, तिचा फायदाही झाला. पण पुनर्वसित गावांतून पाणी, जमीन, रोजगार यांच्या तक्रारी येत राहिल्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये काही पुनर्वसित गावकरी जुन्या गावांकडे परतले तेव्हा वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला. उद्या त्याच डोंगरात पाहुण्यांना पायी फिरवायचं आणि तिथल्या जुन्या रहिवाशाला मात्र आत सोडायचं नाही, असं झालं तर ती सफारी फार दिवस टिकणार नाही. कार यांनी पहिल्यांदा एन्सेफूंकडे जाऊन पैशाचं बोलणं केलं, ते त्यांना हे कळत होतं म्हणूनच.

दुसरी बाजूही याच भागात आहे. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावानं वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या, तिथली सीताफळं स्वतः बाजारात नेली, आणि २०१४ मध्ये या गावाला जैवविविधतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा गावाच्या जंगलात ग्रामसभेनं स्वतः ठरवून, स्वतःचे दर लावून पायवाट चालवली तर त्याला आफ्रिकेची नक्कल म्हणता येणार नाही. आफ्रिकेत सुरुवात झाली ती अशाच व्यवहारानं.

प्रत्यक्ष बेत करताना

मेळघाटासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालायला उत्तम काळ. थंडी चांगली असते, नाल्यांत पाणी असतं. प्राणी दिसण्याची शक्यता मार्चनंतर वाढते, कारण सागाची पानं गळतात आणि पाणवठे आटत जातात. पण मग पारा चाळिशीपलीकडे जातो, वाळल्या पानांवर प्रत्येक पाऊल वाजतं, आणि वणव्यांचे दिवस असल्यानं वाटा अचानक बंद होतात. पावसाळ्यात कोअर बंद असतो.

कपडे खाकी, मातकट हिरवे, पूर्ण बाह्यांचे. पायमोजे लांब आणि पँट त्यात खोचलेली, कारण गोचीड. माणशी किमान तीन लिटर पाणी. मोबाइलला रेंज नसणार असं धरूनच निघा आणि कुठे जाताय, कधी परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी कोणाला तरी सांगून ठेवा. उपजिल्हा रुग्णालय धारणीत आहे. हृदयविकार, दमा असेल तर गाइडला आधीच सांगा, लाजू नका. लहान मुलं आणि पायी वाट हा बेत नकोच. क्रुगरमध्येही बारा वर्षांखालच्यांना नेत नाहीत. राहायला कोलकास आणि सेमाडोहची वनविभागाची विश्रामगृहं आणि संकुलं आहेत. साधी आहेत. कोलकासच्या ओट्यावरून खाली सिपनाचं वळण दिसतं, आणि इथली लक्झरी म्हणायची तर तीच.

आफ्रिकेचा बेत पक्का असेल तर ऋतू उलटा धरा. लुआंग्वातले पायी सफारीचे कॅम्प साधारण जून ते ऑक्टोबर चालतात. म्हणजे मेळघाट बंद असतो तेव्हा तिथला हंगाम भरात. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे लुसाका, तिथून लहान विमानानं एमफुवे. या विमानांत सामानावर कडक मर्यादा असते आणि चाकांची कडक बॅग चालत नाही, कापडी न्यावी लागते. निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी या रंगांकडे येते. हिवतापाच्या गोळ्यांसाठी निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. केनियातून परतणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड भारतात उतरताना मागतात, केवळ विमान बदललं असेल तर नियम काय हे तिकीट काढतानाच तपासा. खर्चाचा अंदाज हवा असेल तर दोन माणसं, सहा रात्री, माणशी रोज ८०० डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये एवढं धरलं तरी नुसता मुक्काम आठ लाखांवर जातो. विमान वेगळं.

इथे असो की तिथे, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. पुढे चालणारा गाइड किती वर्षं याच जंगलात चालतोय? गटात किती माणसं असतील? आणि भरलेल्या पैशांतले किती त्याच्या गावापर्यंत पोचतात? तिसऱ्या प्रश्नाला धारणीत उत्तर मिळवायला थोडी चिकाटी लागेल. ते गेटवर मिळालं नाही तर गाइडलाच विचारा, शक्यतो चालून आल्यावर, चहा घेताना.